पांढऱ्या पायाची

१७९१ साल. पॅरिसमध्ये क्रांती ऐन भरात आलेली. फ्रान्सचा राजा वेषांतर करून पळून जायला निघतो आणि सीमेच्या अलीकडे पकडला जातो, ते हेच वर्ष. आणि ह्याच वर्षी, ह्याच शहरात पिएर ब्युलियार नावाचे एक गृहस्थ अळंब्यांवरचं पुस्तक छापून घेत होते! माणूस मोठा हौशी. चित्रं स्वतः काढायची, तांब्याच्या पत्र्यावर स्वतः कोरायची, रंगीत छपाईसुद्धा स्वतःच्या देखरेखीखाली करायची. त्यांच्या वनस्पतींच्या चित्रमालिकेत सहाशेच्या आसपास चित्रं आहेत. १७९३ मध्ये ते वारले, म्हणजे ह्या पुस्तकानंतर जेमतेम दोन वर्षांत.

त्या पुस्तकात एका टाचणीएवढ्या जिवाला त्यांनी नाव दिलं: ट्रायकिया ल्युकोपोडिया. ल्युकॉस म्हणजे ग्रीकमध्ये पांढरा, आणि पोडिया हे पायावरून आलेलं. म्हणजे शब्दशः मराठी करायचं तर 'पांढऱ्या पायाची'.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटीच मोठ्याने हसले, आणि मग हसू थांबलं. ब्युलियारसाहेबांना मराठी येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावर राग नाही. पण हे दोन शब्द आपल्याकडे काय अर्थाने वापरतात ते इथल्या वाचकांना सांगायला नको. नवी सून घरात आली आणि त्या महिन्यात घरातलं कुणी गेलं, गाय मेली, नोकरी सुटली, की तिचे पाय पांढरे ठरायचे. आमच्या घरातही अशी एक होती. घरच्या वाचकांना मी कुणाबद्दल बोलतेय ते कळेलच, त्यामुळे नाव लिहीत नाही. आम्ही तिला धाकटी आजी म्हणायचो (वडिलांची काकू). तिचं लग्न झालं आणि पाच आठवड्यांत थोरले दीर विषमज्वराने गेले. त्यांच्या मुलांना वाढवलं तिनेच, पण मंगळागौरीला, बारशाला, मुंजीला ती पुढे यायची नाही. कुणी ये म्हणायचंही नाही. तिचं राज्य मागच्या परसात. तिथे तिने पातेऱ्याचा एक खड्डा केला होता. फणसाची, आंब्याची, काजूची पडलेली पानं सगळी त्यात. लोक भाजावळीला पातेरा जाळायचे, ही तो कुजवायची. ती जाऊन आता तीसच्या वर वर्षं झाली. खड्डा अजून आहे, कुणी लक्ष न देता आपोआप भरतो.

आणि ब्युलियारची ती पांढऱ्या पायाची मला सापडली ती ह्याच खड्ड्यात, गेल्या वर्षी श्रावणात.

सापडली म्हणजे काय, तर फणसाचं एक काळं पडलेलं, निम्मं कुजलेलं पान उचललं तर त्याच्या पाठीवर मोहरीहून लहान अशा उभ्या टाचण्यांचं दाट रान. नुसत्या डोळ्यांना काळं वाटणारं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग खिशात होतं (शेजाऱ्यांच्या मते मी त्यामुळेच वाया गेले आहे). भिंगातून पाहिलं तर काळा कुठला! निळा, जांभळा, मध्येच कांस्याची झाक. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर डबक्यावर जे रंग दिसतात ना, तसे. आणि त्या प्रत्येक लांबट डोक्याखाली चुन्यासारखा शुभ्र पाय. पाय जिथे पानाला टेकतो तिथून पांढऱ्या शिरा पानभर पसरलेल्या, जणू सगळ्यांनी मिळून एकच रांगोळी काढली आहे.

ही बुरशी नव्हे. इंग्रजीत ह्यांना स्लाइम मोल्ड म्हणतात, मी आपली 'श्लेष्मबुरशी' म्हणते; दोन्ही नावं खोटीच आहेत, कारण त्यात बुरशी काही नाही. हा जीव आयुष्याचा बराच भाग एक वाहती, आकार नसलेली साय म्हणून काढतो. पेशी एकच, पण तिच्यात केंद्रकं असंख्य, आणि मध्ये भिंती नाहीत. ती साय पानांच्या थरांतून सरपटते, जीवाणू खाते, कोरड पडली तर सुकून पडून राहते नि पाणी मिळालं की पुन्हा चालू लागते. मग एका रात्री काय मनात येतं कोण जाणे, ती उजेडाकडे, कोरड्या जागेकडे चढते आणि दिवसभरात शेकडो उभ्या कुप्यांत स्वतःला वाटून टाकते. कुप्यांत बीजाणू. कुप्या फुटतात, बीजाणू उडतात, भिजले की त्यातून पुन्हा इवलेसे पोहणारे किंवा सरपटणारे जीव, त्यांच्या जोड्या जुळतात, पुन्हा साय. टोकियोच्या रेल्वेचं जाळं काढणारी, चक्रव्यूहातून वाट शोधणारी म्हणून ज्या पिवळ्या गोळ्याचं नाव २००० आणि २०१० मधल्या प्रयोगांनंतर सगळीकडे झालं, तो फायसारम ह्याच गोतावळ्यातला. त्याबद्दल इतक्यांनी लिहिलं आहे की मी लिहीत नाही.

ओळखायला जायचं म्हणजे साय उपयोगाची नाही. पिवळी साय, पांढरी साय, एवढ्यावर जात ठरत नाही. कुप्या हव्यात. आणि कुप्या पाहून कोणते प्रश्न विचारायचे हे माणसाला कळायला दोनशे वर्षं लागली. मला खरं तर त्या दोनशे वर्षांबद्दलच लिहायचं आहे.

छापील पुस्तकात ह्या जिवांचं चित्र आलं ते १६५४ मध्ये. बर्लिनच्या थोमास पांकोव्ह नावाच्या वैद्याच्या वनौषधींच्या पुस्तकात लाकडावर वाढणारे काही गोळे आहेत, आणि खाली अर्थ असा की झपाट्याने वाढणारी अळंबी. आज आपण त्याला लायकोगाला म्हणतो. झपाट्याने हा शब्द बरोबर आहे. सकाळी नव्हतं, संध्याकाळी आहे. पुढे लिनियसने १७५३ मध्ये त्याच गोळ्यांना भुईफोडांच्या रांगेत बसवलं. ते साहजिक होतं, फोडलं की धूळ उडते! स्वीडनचे फ्रीस ह्यांनी १८२९ मध्ये त्यांचा वेगळा गट केला खरा, पण तोही भुईफोडांच्याच वाड्यातली एक वेगळी खोली म्हणून. ते सुरुवातीला चिकट असतात हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून नावात 'चिकट' आलं. चार वर्षांनी मिक्सोमायसीट्स हे नाव मिळालं, म्हणजे चिकट बुरशा, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

मग आले आन्तोन द बारी. हे जर्मन. फ्रायबुर्गमध्ये त्यांनी एक साधी गोष्ट केली जी आधीच्या एवढ्या मोठ्या लोकांनी केली नव्हती: बीजाणू पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बसून वाट पाहिली. बुरशीच्या बीजाणूतून धागा फुटतो. ह्यांच्यातून धागा फुटला नाही; एक जीव बाहेर आला आणि शेपटी हलवत पोहू लागला. १८५८ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी ह्यांना वनस्पतींच्या राज्यातून बाहेर काढून मायसिटोझोआ म्हटलं, म्हणजे अळंबी-प्राणी. वय सत्तावीस-अठ्ठावीस! (आपण त्या वयात काय करत होतो हा प्रश्न मी विचारणार नाही, तुम्हीही विचारू नका :))

१८६३ मध्ये चिएन्कोव्स्की ह्यांनी त्या वाहत्या सायीला प्लाझ्मोडियम हे नाव दिलं. हिवतापाच्या जंतूमुळे आपल्याला तो शब्द ठाऊक आहे. पण हिवतापाच्या जंतूला ते नाव १८८५ मध्ये मिळालं. आधी ते आमच्या सायीचं.

इथपर्यंत 'हे काय आहे' ह्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं होतं. 'ह्यातलं हे कोणतं' ह्या प्रश्नाला मात्र अजून कुणी पद्धतशीर हात घातला नव्हता. तो घातला एका विद्यार्थ्याने, आणि ह्या सगळ्या कथेत माझा सगळ्यात लाडका माणूस तोच आहे.

युझेफ रोस्ताफिन्स्की. जन्म वॉर्साचा, १८५० चा. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता; रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया ह्यांनी तो वाटून घेतला होता. वॉर्सा रशियाकडे. तिथल्या पोलिश महाविद्यालयाच्या जागी १८६९ मध्ये रशियन भाषेतलं विद्यापीठ आलं. हा मुलगा शिकायला जर्मनीत गेला आणि फिरत फिरत श्ट्रासबुर्गला द बारींकडे पोहोचला. द बारींनी त्याला श्लेष्मबुरशांचं काम दिलं. १८७३ मध्ये त्याने जर्मनमध्ये एक छोटा प्रबंध लिहिला, त्यात वर्गीकरणाचा आराखडा होता. आणि मग १८७४ ते १८७६ ह्या काळात तो आराखडा भरून काढणारा भला मोठा ग्रंथ आला, जगातल्या तेव्हा माहीत असलेल्या सगळ्या श्लेष्मबुरशांचा. तो त्याने लिहिला पोलिशमध्ये. छापला पॅरिसमध्ये, परागंदा पोलिश लोकांच्या एका विज्ञानसंस्थेने.

जरा विचार करा. विषय असा की त्यात रस असणारी माणसं अख्ख्या युरोपात बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या बहुतेकांना पोलिश येत नाही. जर्मनमध्ये लिहिणं ह्याला सहज जमत होतं, गुरू जर्मन, आधीचा प्रबंध जर्मन. तरी पंचविशीच्या आतबाहेरच्या ह्या माणसाने ज्या भाषेला स्वतःचं राज्य नाही त्या भाषेत लिहिलं. आणि गंमत अशी की काम इतकं चोख होतं की दुसऱ्यांना झक मारत ते समजून घ्यावं लागलं. इंग्लंडमध्ये कुक नावाच्या अभ्यासकांनी १८७७ मध्ये त्याच्या पद्धतीवर ब्रिटनमधल्या श्लेष्मबुरशांचं पुस्तक काढलं, त्यासाठी पोलिश मजकुराचं इंग्रजी करून घेतलं. आपल्याकडे 'मराठीत लिहून वाचणार कोण' असं म्हणत हात झटकणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवते, आणि ते नेहमी विषय बदलतात. असो. पुढे रोस्ताफिन्स्की क्राकूवला प्राध्यापक झाला, श्लेष्मबुरशा सोडून दुसरीकडे वळला, आणि पोलिशमधल्या वनस्पतींच्या नावांवर त्याने मोठं काम केलं. १९२८ मध्ये वारला. म्हणजे स्वतंत्र पोलंड त्याने पाहिला.

त्याने विचारलेले प्रश्न अगदी साधे होते. पहिला: बीजाणूंच्या ढिगाचा रंग काय? गडद, काळसर-जांभळट, की उजळ, म्हणजे पिवळा, तांबूस, गुलाबी? दुसरा प्रश्न, गडद असतील तर: कुपीत चुना आहे का? मग आतल्या धाग्यांची जाळी कशी, मध्ये खांब आहे का, आणि असंच पुढे. पहिल्या प्रश्नावर तो किती बरोबर होता ते कळायला २००५ साल उजाडलं. त्या वर्षी जनुकांवरून ह्या जिवांची वंशावळ मांडली गेली तेव्हा सगळं घराणं मुळाशीच दोन फांद्यांत फुटलेलं दिसलं: गडद बीजाणूंची आणि उजळ बीजाणूंची. साधा सूक्ष्मदर्शक, आणि डोळे. त्यावर माणसाने एकशेतीस वर्षं आधी हे सांगून ठेवलेलं.

आता आपली पांढऱ्या पायाची. ब्युलियारने तिला ट्रायकियांत घातलं होतं. आजच्या अर्थाने ट्रायकिया म्हणजे उजळ, पिवळ्या बीजाणूंचं घर. हिचे बीजाणू गडद तपकिरी, तेव्हा ते घर तिचं नव्हे. फ्रीस ह्यांनी १८२५ मध्ये डायाकिया नावाची वेगळी प्रजाती केली होती. रोस्ताफिन्स्कीने तिला १८७४ मध्ये तिथे आणलं, आणि तेव्हापासून तिचं पूर्ण नाव असं लिहितात: डायाकिया ल्युकोपोडिया (ब्युलियार) रोस्ताफिन्स्की.

ही कंसाची भानगड फार मजेशीर आहे. कंसातला माणूस म्हणजे ज्याने पहिलं नाव ठेवलं तो, आणि कंसाबाहेरचा म्हणजे ज्याने तिला आजच्या घरात आणलं तो. माहेर कंसात, सासर बाहेर! आडनाव बदलतं, पण नावाला हात लावायचा नाही असा नियम आहे. घर कितीदाही बदला, ल्युकोपोडिया ती ल्युकोपोडियाच. आमच्या धाकट्या आजीचं लग्नात नावही बदललं होतं. माहेरचं नाव काय होतं ते घरात कुणालाच सांगता येत नाही, मी विचारून पाहिलं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांचा नियम आमच्या घरापेक्षा बरा.

तर नवीन घर मिळालं, पण ते घर कुठल्या आळीत ह्यावरून पुढची शंभर वर्षं भांडण चाललं. भांडणाचं कारण चुना. रोस्ताफिन्स्कीचा दुसरा प्रश्न: चुना आहे की नाही? फायसारम आणि डिडिमियम ही चुनेवाली मंडळी. त्यांच्या कुपीवर किंवा आतल्या जाळीत चुना असतो. स्टेमोनायटिस, लॅम्प्रोडर्मा ही बिनचुन्याची. त्यांच्या पायातून एक काळा खांब वर जातो आणि त्याला झाडाच्या फांद्यांसारखे काळे धागे फुटतात. आपल्या पांढऱ्या पायाचीत पाय चुन्याने ठासून भरलेला, खांब चुन्याचा. पण डोकं बिनचुन्याचं! डोक्याचं आवरण लॅम्प्रोडर्मासारखं चमकणारं, आतले धागे खांबातून फुटून जाळं करणारे, गडद, चुन्याचा कणही नाही. अर्धी इकडची, अर्धी तिकडची. रोस्ताफिन्स्की पायाकडे पाहून म्हणाला चुनेवाली. विसाव्या शतकातल्या काही मोठ्या अभ्यासकांनी डोक्याकडे पाहिलं आणि तिला स्टेमोनायटिसच्या आळीत नेलं. चुन्याने भल्याभल्यांना चुना लावला म्हणायचं.

वाद मिटायची वाट कुणी दाखवली, तर अलेक्सोपूलोस ह्यांनी. १९६० मध्ये त्यांनी सांगितलं की नुसत्या कुप्या काय पाहता, साय पाहा. स्टेमोनायटिसची साय पातळ, पारदर्शक, लाकडात लपून असते, दिसतच नाही. फायसारमची साय जाड, रंग असलेली, शिरांचं जाळं उघड दिसणारी. आपल्या पांढऱ्या पायाचीची साय ह्या दुसऱ्या प्रकारची, दुधासारखी पांढरी, ठळक. म्हणजे ती मुळात चुनेवाल्यांकडचीच. जनुकंही आता तेच म्हणतात, आणि २०१९ च्या नव्या वर्गीकरणात ती फायसारमच्याच गणात आहे. तिचा पाय पाहून केलेला निवाडा बरोबर होता. (आमच्याकडे मात्र पाय पाहून केलेला निवाडा सपशेल चूक होता, पण त्याचं पुनर्वर्गीकरण कोण करणार?)

मध्ये मी एक माणूस आणि त्याची मुलगी गाळली. ती गाळून चालणार नाही. आर्थर लिस्टर, लंडनजवळ राहणारे दारूचे व्यापारी. जंतुनाशक शस्त्रक्रियेमुळे ज्यांचं नाव जगभर झालं त्या जोसेफ लिस्टर ह्यांचे भाऊ. व्यापारातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी श्लेष्मबुरशा हाती घेतल्या. १८९४ मध्ये त्यांचा ग्रंथ आला, आणि रोस्ताफिन्स्कीनंतर पुढची कित्येक दशकं जगाने ह्याच्यावरून ओळख पटवली. मुखपृष्ठावर नाव एकट्या आर्थर लिस्टर ह्यांचं. पण शोधायला, सूक्ष्मदर्शकाशी बसायला, चित्रं काढायला बरोबर त्यांची मुलगी होती, ग्युलिएल्मा. तिला कॉलेज मिळालं ते एक वर्षभर, बाकी शिक्षण घरी. १९०४ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने पहिल्यांदाच बायकांना सभासद करून घेतलं, त्या पहिल्या तुकडीत ती होती. वडील १९०८ मध्ये गेले. १९११ मध्ये आणि पुन्हा १९२५ मध्ये तिने तो ग्रंथ सुधारून, वाढवून काढला, चित्रं रंगीत केली. नाव पुन्हा वडिलांचं पुढे, आपलं 'सुधारून वाढवलं' म्हणून मागे. त्या चित्रांवरून मी माझ्या कुप्या ताडून पाहिल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या रंगांत ती निळी-जांभळी झाक अशी उतरली आहे की फोटो लाजतील.

ग्युलिएल्माकडे जगभरातून डब्या यायच्या. जपानातून यायच्या त्या मिनाकाता कुमागुसु ह्यांच्याकडून. हा माणूस म्हणजे वेगळ्याच लेखाचा विषय. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षं वाचत बसायचा, 'नेचर'मध्ये लिहायचा, आणि एका वाचकाला मारलं म्हणून तिथून हाकलला गेला. १९०० मध्ये जपानला परतल्यावर कुमानोच्या डोंगरातल्या रानात राहून श्लेष्मबुरशा गोळा करू लागला. १९०६ नंतर जपान सरकारने गावोगावची छोटी देवळं एकत्र करायचा सपाटा लावला. देऊळ हललं की त्याच्या भोवतालचं राखलेलं रान, म्हणजे आपल्या शब्दांत देवराई, तोडायला मोकळी. मिनाकाता त्याविरुद्ध पेटून उठला. १९१० मध्ये एका सभेत घुसून गोंधळ घातला म्हणून अठरा दिवस कोठडीत होता. त्याचं म्हणणं भावनेचं नव्हतं. ह्या रानात काय काय आहे ह्याची यादीच अजून झालेली नाही, आणि तुम्ही तोडताय, हे होतं. १९१७ मध्ये त्याला आपल्याच घराच्या अंगणात एका जिवंत पर्सिमनच्या खोडावर एक श्लेष्मबुरशी मिळाली. ती नवी प्रजाती निघाली, आणि ग्युलिएल्माने १९२१ मध्ये तिला नाव दिलं मिनाकाटेला. अंगणातल्या झाडावर, हे लक्षात घ्या.

१ जून १९२९ ला जपानचे सम्राट त्याच्या गावी आले. सम्राटांना स्वतःला जीवशास्त्राची आवड होती. मिनाकाताने त्यांना ११० नमुने भेट दिले. कशातून? मोरिनागा कंपनीच्या कॅरमेल गोळ्यांच्या खोक्यांतून! दरबारी लोकांचं काय झालं असेल ते असो. पण ज्याने कधी श्लेष्मबुरशी वाळवून ठेवली आहे त्याला ह्यात काही विचित्र वाटणार नाही. पुठ्ठ्याचं खोकं हवा खेळती ठेवतं. माझ्या काडेपेट्यांतल्या आहेत, आतल्या खणात पानाचा तुकडा फेविकॉलने चिकटवून. प्लास्टिकच्या डबीत ठेवल्या की आठवड्यात खऱ्याखुऱ्या बुरशीने खाऊन टाकल्या म्हणून समजा.

भारतात हे काम उशिरा झालं पण झालं. पंजाबातले ठिंड ह्यांचा भारतातल्या मिक्सोमायसीट्सवरचा ग्रंथ १९७७ चा, लखनपाल आणि मुखर्जी ह्यांचा १९८१ चा. २०१२ मध्ये 'मायकोस्फिअर' ह्या नियतकालिकात देशभराची यादी आली, तिच्या लेखकांची आडनावं वाचून मला माहेरी आल्यासारखं वाटलं: रानडे, कोराडे, जगताप, रणदिवे. पांढऱ्या पायाची काही दुर्मीळ नव्हे, हेही सांगून टाकते. पावसाळ्यात कुजक्या पानांवर ती पुष्कळ ठिकाणी मिळते. कधी जिवंत रोपांवरही चढून बसते, आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात दिसली की लोक रोग समजून औषध मारायला धावतात. ती रोपाला काही करत नाही. फक्त उंच, कोरडी जागा हवी म्हणून चढलेली असते.

माझी ओळख कशी पटली ते थोडक्यात. बीजाणू गडद तपकिरी: एक. डोक्यावर पांढरे कण नाहीत, म्हणजे डिडिमियम किंवा फायसारम नव्हे: दोन. चमक लॅम्प्रोडर्माची, पण त्याचा पाय काळा असतो, हिचा पांढरा. तो चुनाच आहे का हे पाहायला व्हिनेगरचा थेंब (घरी 'चायनीज' करायच्या नादात आणलेली बाटली सत्कारणी लागली). भिंगाखाली बुडबुडे आले आणि पाय विरघळत गेला. एवढ्यावर डायाकिया ठरली. आता डायाकियांतली कोणती? डोकं गोल असतं तर दुसऱ्या एक-दोन शक्यता होत्या, हिचं लांबट, दंडगोल. शेवटी एका मैत्रिणीच्या कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहिले. आकार पुस्तकात दिलेल्या मापात बसला आणि अंगावरचे काटे अगदी बारीक निघाले. झालं.

आणि ते रंग? त्यात रंगद्रव्य नाहीच. २०१० मध्ये अर्जेंटिनातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी नेमकी हीच जाती घेऊन दाखवलं की आवरणाचा अतिपातळ पापुद्राच प्रकाशाशी खेळून ते रंग काढतो, साबणाच्या फुग्यासारखा. आतला बीजाणूंचा गडद ढीग मागे असतो म्हणून ते उठून दिसतात.

आता घरच्यांसाठी. परसातला खड्डा बुजवून तिथे पेव्हर ब्लॉक घालायचे आणि गाडीला जागा करायची असं मे महिन्यात ठरलं, ते मला मान्य नाही हे मी फोनवर सांगितलंच आहे. गाडी पुढच्या खळ्यात उभी राहते, गेली नऊ वर्षं राहते आहे. त्या खड्ड्यातून मी एका श्रावणात, चार दिवसांत, तीन वेगवेगळ्या जाती उचलल्या. पांढऱ्या पायाची एक, डोक्यावर तारे शिंपडल्यासारखा चुना असलेलं एक डिडिमियम, आणि तिसरी अजून ओळखू आलेली नाही. करड्या रंगाची, पाय नसलेली, पानाच्या शिरेवर नागमोडी बसलेली. चुना आहे, बीजाणू गडद आहेत, म्हणजे बहुधा एखादा फायसारम. नमुना थोडा होता आणि निम्मा मुंग्यांनी नेला. ती पुन्हा मिळायला हवी. निदान हा पावसाळा जाऊ द्या. गवंड्याला दिवाळीनंतर बोलवा, तोवर मी येऊन जाते. आणि कुणी तिथे असाल तर पातेरा जाळू नका, वरचेवर उलटून पाहा, काही उभं दिसलं तर पानासकट उचलून सावलीत वाळवा नि काडेपेटीत ठेवा. पेटीवर तारीख घाला, कुठल्या झाडाचं पान ते लिहा. काड्या आधी काढून घ्या, गेल्या वेळी कुणीतरी तशीच ठेवली होती.